वही आधी, प्रोग्रामर नंतर: धंद्याचं सॉफ्टवेअर फ्रीलान्सरकडून बनवून घेण्याची पद्धत

"ॲप बनवायचंय, किती घ्याल?" असा फोन करून बहुतेक जण सुरुवात करतात, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या एका फोनातूनच निघतात. समोरचा अंदाजाने आकडा सांगतो, आपण घासाघीस करतो, निम्मे पैसे ॲडव्हान्स जातात. फेब्रुवारीत आंब्याच्या पहिल्या पेट्या निघायच्या वेळी हातात असतो लॉगिनचा रंगीत स्क्रीन आणि "थोडंच राहिलंय" हे उत्तर. प्रोग्रामर लबाड असतो म्हणून असं होतं, असं क्वचितच असतं. काय बनवायचं ते कागदावर नसतं, म्हणून होतं.

हा लेख देवगड-रत्नागिरीच्या आंबा व्यापाऱ्यांसाठी, काजू प्रक्रिया करणाऱ्यांसाठी, मालवण-गुहागर-दापोलीच्या होमस्टेवाल्यांसाठी आणि घाऊक मासळीवाल्यांसाठी आहे. उदाहरणं जास्त आंब्याची आहेत, कारण त्यातला हिशोब सगळ्यांत गुंतागुंतीचा. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पाचवा टप्पा दुसऱ्याच्या आधी केला की पैसे दोनदा जातात.

## टप्पा १: बनवून घ्यायचं नेमकं किती?

जीएसटीची बिलं, ताळेबंद, पगार यांसाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं. ते नव्याने बनवून घेऊ नका. खोल्यांचं बुकिंगही तयार मिळतं. तुमच्या धंद्यात जे तयार सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही, तेवढाच तुकडा बनवून घ्या. आंब्यात तो तुकडा म्हणजे बागवाल्याचा हिशोब: उचल (आगाऊ रक्कम) किती दिली, पेट्या किती आल्या, कुठे गेल्या, पट्टी (मार्केटमधून येणारा विक्रीचा हिशोब) काय आली, त्यातून काय वजा झालं, देणं किती राहिलं. काजूत तो म्हणजे बी घेतल्यापासून गर निघेपर्यंतचा उतारा.

यादीत पाचाहून जास्त कामं झाली तर पहिल्या वर्षासाठी दोन निवडा आणि बाकीची पुढच्या वर्षावर टाका. "सगळं एकदम करून घेऊ" म्हणणाऱ्यांचं सॉफ्टवेअर हंगामाआधी क्वचितच उभं राहतं.

## टप्पा २: वही घेऊन बसा

हिशोब कसा चालतो त्याचे सगळे नियम या टप्प्यात एका वहीत लिहायचे. हा टप्पा सगळ्यांत मोठा, आणि तो प्रोग्रामरने करायचा नाही. मालक, हिशोब लिहिणारा आणि पेट्या भरून घेणारा, असे तिघे मिळून हे करतात. चार-पाच संध्याकाळी लागतात.

गेल्या हंगामातले खरे कागद काढा: वीस पट्ट्या, बागवाल्याच्या खात्याची दहा पानं, गाडीच्या पाच पावत्या, आणि ज्यांवरून वाद झाला असे तीन-चार हिशोब. वादाचे कागद सगळ्यांत मोलाचे. साध्या हिशोबाचं सॉफ्टवेअर कोणीही लिहील; ते कोलमडतं वादाच्या जागी.

आता एक पट्टी उलगडून लिहा. आकडे नमुन्याचे आहेत:

गाडीत ६० पेट्या गेल्या. ५ डझनी ४०, ६ डझनी २०. पाच डझनीतल्या ३८ पेट्या २,८०० रुपयांनी गेल्या, म्हणजे १,०६,४००. दोन पेट्या डागी निघाल्या, त्या १,२०० ने, म्हणजे २,४००. सहा डझनी वीस पेट्या २,४०० ने, म्हणजे ४८,०००. एकूण १,५६,८००. वजावट: भाडं पेटीला ९० प्रमाणे ५,४००, हमाली १५ प्रमाणे ९००, रिकामा खोका आणि गवत ११० प्रमाणे ६,६००. उरले १,४३,९००. बागवाल्याने डिसेंबरात ४०,००० उचल घेतलेली. ती पूर्ण कापली तर हातात १,०३,९००.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. खरे प्रश्न यापुढे आहेत, आणि एकेकाचं उत्तर एकेका ओळीत लिहायचंय:

- गाडीत तीन बागांच्या पेट्या असत्या, तर डागी दोन पेट्या कोणाच्या, हे पेटीवरच्या खुणेवरून ठरतं की तोटा तिघांत पेट्यांच्या प्रमाणात वाटला जातो?
- उचल एकाच पट्टीतून कापता की हप्त्याने? हप्ता कोण ठरवतं? बागवाला "या वेळी कापू नका" म्हणाला तर ते कुठे लिहिता?
- बागवाल्याला पैसे दिल्यावर मार्केटमधून पट्टीची दुरुस्ती आली, तर फरक कोणाच्या खात्यावर?
- पेटी परत आली, थेट गिऱ्हाइकाला वाटेत खराब पोचली, किंवा कोणी भेट म्हणून नेली, तर ती मोजणीत कुठे जाते?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पेट्यांचा मेळ कधीच बसणार नाही. आलेल्या पेट्या बरोबर विकलेल्या अधिक शिल्लक अधिक खराब अधिक भेट अधिक परत. हे समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

नंतर शब्दांची यादी करा. "पेटी", "खोका", "क्रेट", "डागी", "उचल", "पट्टी" यांचा तुमच्याकडे नेमका अर्थ काय, प्रत्येकी एका वाक्यात. पुण्यात बसलेल्या प्रोग्रामरला पेटी म्हणजे ठरावीक माप वाटतं. तुमच्याकडे ती चार, पाच, सहा डझनाची असते आणि दर त्यावर ठरतो. हा एक गैरसमज आत राहिला तर अर्धं सॉफ्टवेअर पुन्हा लिहावं लागतं.

माणसं ओळखायची कशी, तेही आत्ताच ठरवा. एका गावात एकाच नावाचे तीन सावंत असतात आणि एका घरात एकच मोबाइल चौघांचा असतो. म्हणून नाव किंवा मोबाइल हा खातेक्रमांक होऊ शकत नाही. प्रत्येक बागवाल्याला स्वतंत्र क्रमांक द्या, सोबत गाव आणि वाडी लिहा.

आणखी एक गोष्ट आपल्या हंगामाशी बांधलेली आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलतं, ऐन आंब्यात. जीएसटी बिलाचा क्रमांक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. ३१ मार्चची गाडी आणि ५ एप्रिलची पट्टी कोणत्या वर्षात पडते ते तुमच्या सीएकडून लिहून घ्या. करांचे दर कोडमध्ये कोरून ठेवू नका, हेही लिहा: ताज्या आंब्याला जीएसटी नाही, पल्पला आहे, आणि दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचे दर एका दिवसात बदलले. दर "अमुक तारखेपासून" असा सेटिंगमध्ये असला की जुनी बिलं जुन्याच दराने दिसतात.

तपासा: धंद्याबाहेरच्या एका माणसाला ही वही वाचायला द्या आणि एक पट्टी सोडवायला सांगा. वहीवरून त्याला १,०३,९०० पर्यंत पोचता आलं तर वही तयार. मध्ये तुम्हाला तोंडी सांगावं लागलं, तर जे सांगितलं ते लिहून काढा.

सावधान: व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप म्हणजे वही नव्हे. तीन महिन्यांनी तो कोणी शोधत नाही, आणि पैशाचा वाद तिथेच अडतो.

## टप्पा ३: हंगामावरून उलटं मोजा

आंब्यासाठी ३१ जानेवारी ही शेवटची तारीख धरा. त्यानंतर नवीन काही बसवायचं नाही. तिथून मागे या: जानेवारी तपासणीला, ऑक्टोबर ते डिसेंबर बांधणीला, करार गणपती आटोपल्यावर, माणूस शोधणं आणि पारखणं ऑगस्टमध्ये, वही जून-जुलैच्या पावसात. गणपतीत आणि शिमग्यात तुमच्याकडचं कोणी कामावर नसतं आणि प्रोग्रामर कोकणातला असेल तर तोही गावी असतो. हे दिवस वेळापत्रकातून आधीच वजा करा.

मासळीवाल्यांना १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी वहीसाठी उत्तम. होमस्टेवाल्यांनी दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळावा.

## टप्पा ४: किल्ल्या स्वतःच्या नावावर करा

माणूस शोधण्याआधी. कारण काम सुरू झाल्यावर प्रोग्रामर म्हणतो, "मी माझ्या खात्यावरून करतो, नंतर देतो," आणि ते नंतर अवघड होऊन बसतं. ही खाती तुमच्या किंवा फर्मच्या नावाने, धंद्याच्या वेगळ्या ईमेलवर उघडा:

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. सर्व्हरचं खातं, तुमच्या कार्डवर. कोड ठेवायला गिटहबसारख्या ठिकाणी खातं. अँड्रॉइड ॲप असेल तर गुगल प्ले कन्सोल. त्याची नोंदणी फी एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक नावाने नवीन खातं उघडलंत तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं, म्हणून हे दोन आठवडे वेळापत्रकात धरा. ॲप फक्त तुमच्या पाच माणसांसाठी असेल तर प्ले स्टोअरची गरज नाही. ब्राउझरमध्ये चालणारं पुरतं. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवेचं केवायसी तुमच्या पॅनवर आणि तुमच्या बँक खात्यावर. एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर फर्मची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. ती एका दिवसात होईल असं धरू नका.

प्रत्येक खात्याला ओटीपी येणारा मोबाइल मालकाचा हवा. भाच्याचा नको, प्रोग्रामरचा तर नकोच. पासवर्ड एका वेगळ्या वहीत लिहून कपाटात ठेवा. प्रोग्रामरला तुमचा पासवर्ड द्यायचा नाही; त्याच्या स्वतःच्या ईमेलवर त्याला प्रवेश द्यायचा, जो एका क्लिकने काढता येतो.

तपासा: प्रत्येक खात्यात स्वतः एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. जिथे अडाल तिथे आत्ताच दुरुस्त करा.

## टप्पा ५: माणूस शोधा आणि पारखा

ओळखीतून आलेलं नाव पहिलं. मुंबई-पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारे गावचे लोक जवळजवळ प्रत्येक वाडीत निघतात. त्यांनी स्वतः काम केलं नाही तरी चालेल, पण एखादा तास देऊन उमेदवाराचं जुनं काम बघितलं तर तो तास लाखमोलाचा. अपवर्कसारख्या फ्रीलान्सर मिळणाऱ्या वेबसाइटवरून माणूस घेतलात तर ठरीव रकमेच्या कामात पैसे मध्यस्थाकडे अडकवून टप्प्याने सुटतात. एक लक्षात ठेवा: काम सादर झाल्यावर १४ दिवसांत तुम्ही काही कळवलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. गाडी भरण्याच्या गडबडीत हे राहून जातं.

तीन-चार जणांना वहीची प्रत पाठवा आणि किंमत मागू नका. "वाचून प्रश्न विचारा" एवढंच लिहा. निवड इथेच अर्धी होते. ज्याने दोन दिवसांत "डागी पेटीचा दर पट्टीत वेगळा येतो का?" असं काही विचारलं, तो कामाचा. "हो जाईल सर" म्हणून लगेच आकडा टाकणारा आंब्याची वही न वाचता आकडा टाकतोय.

मग फोनवर हे चार प्रश्न विचारा. तांत्रिक ज्ञान नसलं तरी उत्तरं ओळखता येतात.

नेट नसताना नोंद कुठे राहील? चांगलं उत्तर: फोनमध्येच साठेल, प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक असेल, रेंज आली की वर जाईल, आणि दोघांनी एकच नोंद बदलली तर दोन्ही दाखवून विचारेल. "हल्ली नेट असतंच" म्हणणाऱ्याला कलमांच्या बागेत उभं करून बघा.

रुपये कसे साठवणार? उत्तरात "पैशांत, पूर्णांकात" किंवा "डेसिमल" आलं पाहिजे. "फ्लोट" आलं तर बेरजेत पैशाचा फरक पडत राहणार, आणि हिशोबनीस रोज रात्री तो शोधत बसणार.

नोंद चुकली तर काय करणार? पुसून टाकणार, हे उत्तर चूक. चुकीची नोंद रद्द अशी दिसली पाहिजे, कोणी आणि कधी रद्द केली त्यासकट.

दोन महिने तुम्ही आजारी पडलात तर? "कोड तुमच्या खात्यावर असेल, चालवण्याची माहिती लिहून ठेवेन, दुसरा कोणी उचलू शकेल." असं म्हणणाराच हवा.

उरलेल्या दोघांना पैसे देऊन एक छोटं काम द्या: फक्त पट्टी भरण्याचा स्क्रीन आणि तिची छापील प्रत. आठ ते बारा तासांचं काम. फुकट नमुना मागू नका. चांगला माणूस तो देत नाही आणि देणारा तुमच्यासाठी वेगळं काही बनवत नाही. या नमुन्यात वरची पट्टी घालून बघा. १,०३,९०० आले का? सुधारणा सांगितल्यावर किती दिवसांत झाली? कोड तुमच्या गिटहबवर स्वतःहून टाकला का? किंमत यानंतर बोला.

सावधान: सगळ्यांत कमी दराच्या माणसाला घेताना बघा, त्याने वहीतली कोणती ओळ किमतीत धरलीच नाही. नेट नसतानाचं काम, छपाई आणि जुन्या नोंदी आत घेणं, या तीन गोष्टी हमखास सुटलेल्या असतात.

## टप्पा ६: करार

ओळखीचा मुलगा असला तरी लेखी. वही ही कराराची जोडपत्र असते, प्रत्येक पानावर दोघांची सही.

कोडच्या मालकीचं कलम नीट वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतं. नोकराने नोकरीत लिहिलेलं मालकाचं असतं, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. म्हणून लेखी नसेल तर तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी कोडचा पहिला मालक लिहिणाराच. कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरलं जातं, आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर वेगळं ठरलेलं नसल्यास ते संपतात. त्यामुळे "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, वापर सुरू न केल्याने हक्क संपणार नाहीत" ही तिन्ही वाक्यं स्पष्ट घाला. प्रोग्रामरने वापरलेल्या मुक्त स्रोत लायब्ररी (इतरांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला कोड) तुमच्या होत नाहीत. त्यांची परवान्यासह यादी मागा. मुद्रांक किती लागेल ते स्थानिक वकिलाला विचारा.

पैसे कॅलेंडरवर बांधू नका, चालणाऱ्या तुकड्यांवर बांधा. दोन लाखांचं काम धरलं तर अशी वाटणी बसते: सहीला १० टक्के, तुमच्या सर्व्हरवर लॉगिन आणि बागवाल्यांची यादी चालू झाली की २०, पट्टी आणि वजावट बरोबर आली की २५, नेटशिवाय नोंदी, छपाई आणि अहवाल झाले की २५, शेवटचे २०, त्यातले निम्मे चालू झाल्यावर आणि निम्मे हंगामातला एक महिना नीट गेल्यावर. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला पहिला तुकडा लहान करून द्या, टक्का वाढवू नका. आणि तुमच्या बाजूने शब्द पाळा: तुकडा पास झाला की सात दिवसांत पैसे. ज्याचे पैसे रखडतात त्याचं मनही रखडतं, आणि ते रास्तच आहे.

दर जीएसटी धरून की वगळून, ते लिहा. नोंदणी असलेल्या प्रोग्रामरच्या बिलावर १८ टक्के येतात. टीडीएस कापायचा का आणि किती, ते पहिलं पेमेंट करण्याआधी सीएला विचारा. नंतर कापायला गेलं की नातं बिघडतं.

तपासा: करारात "काम पूर्ण झालं" हे कोण, कशावरून ठरवणार? "गेल्या वर्षीच्या ५० पट्ट्या घातल्यावर प्रत्येक रक्कम पैशापर्यंत जुळली" असं मोजता येणारं वाक्य हवं.

## टप्पा ७: काम चालू असताना

आठवड्यातून एक ठरलेली वेळ, अर्धा तास. स्क्रीनचे फोटो बघायचे नाहीत; तुमच्या फोनवर, तुमच्या बोटाने चालवायचं. पेट्या भरून घेणाऱ्या माणसाला सोबत बसवा. चिकाने चिकट झालेल्या हाताने लहान बटण लागत नाही, हे त्याच्याशिवाय कोणी सांगणार नाही.

बदल सुचणारच. प्रत्येक बदल एका यादीत क्रमांक घालून लिहा, समोर प्रोग्रामरने तास लिहावेत, मग हो किंवा पुढच्या वर्षी. फोनवर बोलता बोलता "तेवढं एक टाका" म्हणणं थांबवा. वीस "तेवढं एक" मिळून एक महिना होतो आणि जानेवारी निघून जातो.

दर शुक्रवारी गिटहबचं पान उघडून शेवटच्या बदलाची तारीख बघा, दोन मिनिटांचं काम. दोन आठवडे काही आलं नसेल तर रागावू नका, पण फोन त्याच दिवशी करा.

चाचणीला खऱ्या लोकांचे आधार आणि बँक तपशील देऊ नका. क्रमांक बदलून द्या. होमस्टेवाल्यांनी हे विशेष पाळावं. पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो लॉगिनशिवाय उघडणाऱ्या लिंकवर असू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर ठेवलेली आहे. परदेशी पाहुण्यांची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) सरकारला २४ तासांत कळवायची असते, त्याची आठवण सॉफ्टवेअरने दिली तर उत्तम.

## टप्पा ८: तपासणी

जानेवारीचा पूर्ण महिना, आणि ही तुमच्या माणसांनी करायची. प्रोग्रामर स्वतःच्या चुकेवरून सरावाने पुढे जातो.

पन्नास पट्ट्या. गेल्या वर्षीच्या, वादाच्या धरून. एका पैशाचाही फरक आला तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. "आकडा राउंड केल्यामुळे असेल" हे कारण नव्हे. राउंड ओळीला करायचं की बेरजेला, हे वहीत असायला हवं.

मराठी अक्षरं. स्क्रीनवर नीट दिसलेलं पीडीएफमध्ये मोडतं, कारण पीडीएफ बनवणारी बरीच साधनं जोडाक्षरं जोडतच नाहीत. किरण, म्हात्रे, मिऱ्या, कुऱ्हाडे, श्रीवर्धन, ज्ञानेश्वर ही नावं घालून पट्टी पीडीएफ करा. पहिली वेलांटी "क" च्या उजवीकडे गेली, किंवा "म्हा" चा पाय मोडून वेगळा दिसला, तर काम परत. पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर असेल तर जास्त जपा: बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत देवनागरी अक्षरंच नसतात, त्यामुळे पावती चित्र करून छापावी लागते. ती कागदावर छापून बघा, स्क्रीनवरच्या नमुन्यावर विसंबू नका. जुनी यादी बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणा, नाहीतर शोधायला गेल्यावर एकही नाव सापडणार नाही.

नेट. दोन फोन विमान मोडवर टाका, प्रत्येकावर दहा नोंदी करा, आणि आधीची एक जुनी नोंद दोन्हीवर वेगवेगळी बदला. एक फोन पूर्ण बंद करून चालू करा. मग नेट चालू. वीस नोंदी आल्या? एकही दोनदा आली नाही? बदललेल्या नोंदीबद्दल विचारलं? हे तीनदा करा, त्यातलं एकदा नोंद वर जात असतानाच नेट तोडा. दोनदा चढलेली नोंद म्हणजे बागवाल्याला दोनदा दिलेले पैसे.

परवानगी. पेट्या भरणाऱ्याच्या लॉगिनमधून दर बदलता येतो का, ते मुद्दाम करून बघा.

बॅकअप. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं बुडालं. कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारचा पेनड्राइव्ह एकाच पाण्यात जातात. रोज रात्री आपोआप निघणारी एक प्रत दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर हवी आणि आठवड्याची एक प्रत तुमच्या स्वतःच्या ताब्यात. आणि प्रत निघते हे पुरेसं नाही. रिकाम्या सर्व्हरवर ती परत चढवून शेवटची पट्टी दिसते का, हे प्रोग्रामरकडून तुमच्यासमोर करून घ्या. किती वेळ लागला तो लिहून ठेवा.

सावधान: यातलं एकही "चालू झाल्यावर बघू" म्हणून पुढे ढकलू नका. मार्चनंतर कोणाकडेच वेळ नसतो.

## टप्पा ९: चालू करणं आणि ताबा घेणं

फेब्रुवारीत माल थोडा असतो, तेव्हा रोजच्या हिशोबाची जुनी वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. रोज रात्री पेट्यांचं समीकरण आणि दिवसाची रक्कम दोन्हीकडे जुळवा. सलग पंधरा दिवस जुळलं की जुनी वही बंद. त्याआधी नाही, आणि त्यानंतर उगाच चालू ठेवूही नका. दोन जागी लिहायला लागलं की लोक दोन्हीकडे अर्धवट लिहितात.

मार्च ते मे फक्त बिघाड दुरुस्त करायचे. नवीन काहीही नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

दुरुस्तीचं लेखी ठरवा: हंगामात पैशाचा किंवा नोंद हरवण्याचा बिघाड किती तासांत, बाकीचे किती दिवसांत, आणि पहिल्या तीन महिन्यांत मूळ चुकीचे पैसे लागणार नाहीत. नवीन मागण्यांचा दर ताशी. वर्षाच्या देखभालीला मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के बाजूला काढा, कारण अँड्रॉइड बदलतं, सर्व्हरचे भाग जुने होतात, आणि काहीच न बदललेलं सॉफ्टवेअरही दोन-तीन वर्षांत अडखळू लागतं.

शेवटचे १० टक्के सोडण्याआधी ताब्याची एकच परीक्षा घ्या. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामरला एका दिवसाचे पैसे द्या. त्याला तुमच्या गिटहबचा प्रवेश आणि लिहिलेली माहिती द्या, आणि मूळ प्रोग्रामरला फोन न करता सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर उभं करायला सांगा. संध्याकाळपर्यंत उभं राहिलं आणि बॅकअपमधली शेवटची पट्टी त्यात दिसली, तर पैसे सोडा. अडला तर जिथे अडला ती ओळ मूळ प्रोग्रामरकडून लिहून घ्या आणि परीक्षा पुन्हा घ्या. मग प्रत्येक खात्यात जाऊन बघा कोणाकोणाला प्रवेश आहे. देखभाल करणाऱ्याचा ठेवा, बाकीचे काढा.